ब्लू अ‍ॅनीच्या सहा पाट्या

९ जानेवारी

आज पाट्या उतरवून रंगवल्या. सहाच्या सहा. निळ्यावर पिवळी अक्षरं. हा रंग आजोबांनी १९५८ साली ठरवला, तो बदलायची आमच्यात कुणाची छाती नाही. हायवेच्या फाट्यापासून आमच्या फाटकापर्यंत सतरा मैल, त्यात पाच पाट्या. ‘ब्लू अ‍ॅनी झरा. काचेच्या तळाची बोट. १७ मैल.’ मग ‘मासे वाट बघताहेत. ११ मैल.’ मग ‘पोरं रडायला लागली? फक्त ६ मैल.’ मग ‘आता कशाला परत जाता? ३ मैल.’ पाचव्या पाटीवर नुसता बाण, तो फाटकाशी. सहावी मात्र फाटकाच्या पुढे, पार बारा मैलांवर, जॉर्जिया राज्याची हद्द लागते तिथे. तिच्यावर लिहिलंय, ‘चुकलात! मागे वळा.’

डॅडी दर वर्षी तीच आधी रंगवायला घेतात. त्यांची ओळ डावीकडे ऐटीत सुरू होते आणि उजवीकडे जागा संपत आली की अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढतात. वय चौऱ्याहत्तर, अजून अंदाज येत नाही. मी म्हटलं, “आधी पेन्सिलनं आखून घ्या की.” तर म्हणाले, “वाचता येतं ना? मग झालं.”

हे सगळं चाललं होतं तेव्हा माझ्या मागच्या खिशात ते पत्र होतं. आज चौथा दिवस. पार उत्तरेला, मेन राज्यातल्या एका फेरीबोट कंपनीचं. कॅप्टन ओडेसा पर्व्हिस (म्हणजे मी, घरची डेस) यांची निवड झाली आहे, एक मार्चपर्यंत होकार कळवावा, एक एप्रिलला रुजू व्हावं. बेटांवरच्या लोकांना, त्यांच्या गाड्यांना, टपालाला रोज इकडून तिकडे न्यायचं. अर्ज मी गंमत म्हणून केला होता, असं स्वतःला सांगितलं होतं. ते काही खरं नाही.

चाळीस वर्षांची झाले. ही वही ट्रकच्या खणात ठेवते, कारण घरात, तिकीटघरात, बोटीवर, कुठेही कुणी ना कुणी असतंच. दार लावून घ्यावं अशी माझी एकच जागा आहे आणि तिला चार चाकं आहेत. तरी ती कुठे जात नाही.

११ जानेवारी

दिवसभरात सहा फेऱ्या. “मंडळी, तुमच्या पायाखाली आता ऐंशी फूट पाणी आहे, आणि तरीही तळाशी पडलेलं नाणं छापा की काटा हे तुम्हाला इथून सांगता येईल.” हे वाक्य आजोबांचं, मग डॅडींचं, आता माझं. लिहून ठेवलेलं नाही, ऐकून पाठ झालेलं. त्यानंतर डावीकडे बुडालेली होडी, उजवीकडे कासवाची कपार आणि शेवटी आजोबांनी बुडवलेली सिमेंटची जलपरी. नाक केव्हाच गेलंय तिचं. पोरं तिला हात हलवून टाटा करतात, मीही करते. अकरा वर्षं करतेय. डॅडींचे गुडघे गेले तेव्हा ‘एक हंगाम सांभाळते’ म्हणून आले होते.

मेनच्या पत्रात समुद्राचा फोटो आहे. करडं पाणी, तळ दिसत नाही. मला त्यातलं तेवढंच पुन्हापुन्हा बघावंसं वाटतं.

१८ जानेवारी

काउंटीच्या पर्यटन कार्यालयातून ब्रँटली आला होता. ‘सहकुटुंब बघण्यासारखी ठिकाणं’ असं पत्रक काढतोय. सगळं जग फ्लोरिडात येतं आणि एक तर ऑर्लँडोला जातं नाहीतर समुद्रावर, आमच्या लोचली काउंटीला कुणी विचारत नाही, हे त्याच्या मनाला फार लागलेलं आहे. त्याच्या यादीत एकूण तीन ठिकाणं. आमचा झरा, टर्पेंटाइनची जुनी भट्टी आणि पशुखाद्याच्या दुकानातलं पेंढा भरलेलं दोन डोक्यांचं वासरू.

विनी आत्या, म्हणजे डॅडींची धाकटी बहीण, तिकीटघराशी उकडलेल्या शेंगा विकते. ती म्हणाली, “वासरू पहिल्या नंबरला टाक रे. त्याला निदान दोन डोकी आहेत. आमच्या घरात तिघांत मिळून एक भरेल.”

ब्रँटलीनं नकाशा काढला आणि विचारलं, “ही ‘चुकलात’ वाली पाटी इतक्या लांब का? चुकलेला माणूस बारा मैल जाईपर्यंत थांबतो होय?” मी म्हटलं, तिथे खांब आयते होते, असं डॅडी सांगतात. डॅडी शेंगांच्या पातेल्यात डोकावून मीठ बघत होते.

मी फेरीवर असताना तिकीटघरात कुणाचा तरी फोन आला होता. डॅडींनी घेतला. कुणाचा म्हणून विचारलं तर म्हणाले, “चुकून लागला होता.” आत्या म्हणाली, “चुकून लागलेल्या माणसाशी पंधरा मिनिटं बोलत होतास?” त्यावर त्यांनी तिलाच शेंगा खारट झाल्यात म्हणून सुनावलं.

२६ जानेवारी

सतरा मैलांची पाटी गेली. खांबासकट नाही, नुसती पाटी. चारही स्क्रू खांबाच्या बुंध्याशी डब्याच्या झाकणात नीट ठेवलेले. चोर तरी काय नमुन्याचे निघतात.

२ फेब्रुवारी

अकरा मैलांचीही गेली. डेप्युटी रस्टी येऊन गेला. शाळेत माझ्या मागे बसायचा, तेव्हाही त्याला कधी काही सापडायचं नाही. खांबाभोवती दोनदा फिरला, टोपी काढली, पुन्हा घातली.

“पोरं असतील,” म्हणाला.

“पोरं स्क्रू झाकणात ठेवतात?”

“चांगल्या घरची असतील.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “डेस, एक विचारू? पाट्या नसल्याच तर काय होईल?”

“लोक येणार नाहीत.”

“आणि लोक आले नाहीत तर?”

मी म्हटलं, तू चोर पकड, मला प्रश्न विचारू नकोस. तो हसला. या गावात सगळ्यांना हल्ली माझ्याकडे बघून हसू येतं.

प्लायवूड आणून दोन्ही पाट्या नव्यानं केल्या. डॅडी खुर्ची टाकून बघत बसले. म्हणाले, “इतकी घाई कशाला करतेस?” मी म्हटलं, “शनिवारी समुद्रावर पाऊस आहे.” समुद्रावर पाऊस पडला की आमच्याकडे माणसं येतात, असं आमचं नशीब.

९ फेब्रुवारी

नव्या दोन्ही पाट्या गेल्या. सोबत सहा मैलांचीही.

शनिवारी दोन कुटुंबं आली. एका बाईंनी सांगितलं, आम्ही रस्ता चुकलो म्हणून आलो. त्यांच्या लहानग्या मुलीला जलपरी फार आवडली. तिनं विचारलं, “ती वर का येत नाही?” माझ्या पाठांतरात याचं उत्तर आहे. ‘तिला खाली गार वाटतं.’ ते मी अर्धंच म्हटलं. नंतर खोकल्याचं सोंग केलं.

डॅडी आजकाल दुपारी मासे धरायला जातात. चार दिवसांत एक मासा नाही. येतात ते बुटांना तांबडी माती आणि नखांत निळा रंग घेऊन. मी म्हटलं, “रंग कशाला उकरताय?” तर म्हणाले, होडी रंगवतोय. रंगवू देत. बिचाऱ्यांना काहीतरी हवं ना करायला. गिऱ्हाईक घटतंय हे त्यांना दिसत असेल, मनाला लावून घेत असतील आणि मला दाखवत नसतील.

अशा वेळी मी मेनचं तोंडातून काढू कसं? पाट्या जागेवर असत्या, चार माणसं येत असती, तर एखादे वेळी सांगितलंही असतं. आता बुडती बोट त्यांच्या गळ्यात बांधून निघून जायचं का?

१५ फेब्रुवारी

डॅडींनी आज टाय बांधला. टाय ते दोनच वेळा बांधतात, मयताला आणि मतदानाला. आज दोन्ही नव्हतं. काखेत जाड लिफाफा घेऊन आत्याच्या गाडीत बसून काउंटीच्या मुख्य गावाला गेले. दुपारी आले ते थकलेले, पण चेहरा कसा मोकळा.

“कुठे गेला होतात?”

“असाच.”

“टाय बांधून असाच?”

“मळला होता, हवा खायला नेला.”

आत्याला गाठलं. तिनं शेंगा निवडता निवडता वर न बघता सांगितलं, “तुझ्या बापाला विचार. मला शपथ घातलीय.”

काउंटीचं हॉस्पिटल तिथेच आहे. जाड लिफाफा म्हणजे रिपोर्ट, दुसरं काय असणार? आणि तो मोकळा चेहरा मी ओळखते. माणसाला एकदाचं नक्की कळलं की तसा होतो. आता सगळी संगती लागली. हातात गळ घेऊन झऱ्याच्या काठी तासन्‌तास बसणं, रात्रीचं जेवण आत्याकडे करायला लागणं. परवा म्हणाले, “विनीच्या घरची मागची खोली चांगली आहे नाही? ऊन येतं.” निरवानिरव चाललीय त्यांची.

२२ फेब्रुवारी

तीन मैलांचीही गेली. पुन्हा केल्या सगळ्या, पुन्हा लावल्या. रस्टीला म्हटलं, कॅमेरा लाव. तो म्हणाला, बॅटरी नाही.

आज एकही फेरी झाली नाही. डॅडी म्हणाले, “चल, मला फिरवून आण.” एवढ्या वर्षांत ते माझ्या बोटीत गिऱ्हाईकासारखे कधी बसले नव्हते. बसले. मी सवयीनं सुरू केलं, “मंडळी, तुमच्या पायाखाली...”

“मला सांगू नकोस, मी लिहिलंय त्यातलं अर्धं,” म्हणाले. मग काचेतून खाली बघायला लागले.

“डेस, तुला हे आवडतं का गं?”

काय उत्तर द्यायचं? आजारी माणसाला? “आवडतं की,” मी म्हटलं. “नाहीतर इतकी वर्षं राहिले असते का?”

त्यांनी मान हलवली. जलपरीवरून आम्ही गेलो. ते हळूच म्हणाले, “तुझ्या आईलाही मी असंच विचारलं होतं. तिनंही असंच सांगितलं होतं.”

आईचं नाव ते काढत नाहीत. मी आठ वर्षांची असताना ती गेली, एका मंगळवारी, उत्तरेच्या रस्त्यानं, जॉर्जियाकडे. पुढे टेनेसीहून नाताळची कार्डं यायची. सहा वर्षांपूर्वी तीही थांबली. एकाच माणसाला एकाच घरातून दोनदा कुणी सोडून जावं, हे माझ्यानं होणार नाही. हे इथे लिहून टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा विचार नको. मी अडकले आहे. कुणी बांधलेलं नाही, ओरडलेलं नाही, दार उघडं आहे, आणि तरी मी अडकले आहे. कधीकधी वाटतं डॅडी जरा दुष्ट असते तर बरं झालं असतं.

२७ फेब्रुवारी

मेनला नकार लिहिला. चार ओळी. घरची अडचण आहे, आभारी आहे. डॅडी पोस्टात निघाले होते, त्यांच्याच हातात लिफाफा दिला. त्यांनी पत्ता वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

“मेन. लांब आहे,” म्हणाले.

“इंजिनाच्या भागांचं विचारलंय.”

“नक्की टाकू ना पेटीत?”

“टाका की. त्यात काय?”

लिफाफा कोटाच्या आतल्या खिशात घालून ते गेले. मी फाटकापाशी उभी राहिले. रडू येईल वाटलं होतं, नाही आलं. नुसती भूक लागली. आत्याच्या पातेल्यातल्या शेंगा उभ्यानंच खाल्ल्या, बोटं भाजेपर्यंत.

७ मार्च

हे मात्र फार झालं. आज जॉर्जियाच्या हद्दीवरची पाटी गेली. ब्रँटली तिकडून येत होता, त्यानं सांगितलं. बत्तीस वर्षं ती पाटी तिथे आहे. वादळात खांब वाकले तरी ती पडली नव्हती. बाकीच्या मी शंभर वेळा करीन, पण ती डॅडींच्या हातची, आणि त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

संध्याकाळी सांगितलंच. ते मक्याची लापशी खात होते. चमचा खाली ठेवला नाही की काही नाही.

“असू दे,” म्हणाले.

“असू दे काय? तुम्ही दर जानेवारीला आधी तीच घेता.”

“घेत होतो. ती पाटी काही कामाची नव्हती, डेस. ज्याला वळायचं असतं तो पाटी बघून वळत नाही, आणि ज्याला नसतं त्याच्या ती डोळ्यांत खुपते.” मग लोणी मागितलं.

त्यांच्यातली जिद्दच गेलीय. औषधांनी असं होतं म्हणतात. त्यांच्या खोलीत औषध शोधलं, एकही बाटली सापडली नाही. कुठे लपवून ठेवतात कोण जाणे.

१२ मार्च

डॅडींनी सकाळी न्याहारीलाच फर्मान काढलं. बोटीचा पंप गेलाय, वॅल्डोस्टाला एका माणसाकडे आहे, जाऊन घेऊन ये. वॅल्डोस्टा म्हणजे जॉर्जियात. मी म्हटलं, “काल तर चालत होता.” म्हणाले, “काल चालत होता, आज गेला. बापाच्या शब्दावर विश्वास नाही?” ट्रकमध्ये पेट्रोल त्यांनी आधीच भरून ठेवलं होतं. मागे ताडपत्री घट्ट बांधलेली. आत्या उगाचच फाटकापर्यंत आली, माझ्या शर्टाची कॉलर नीट केली आणि नाक ओढत म्हणाली, “सावकाश चालव.” पंप आणायला निघालेल्या माणसाचा असा निरोप पहिल्यांदाच बघितला. डॅडी आलेच नाहीत, बोटीवर बसून राहिले. मी हॉर्न दिला तेव्हा हात वर केला फक्त.

तोच दिवस, साडेअकरा

ट्रक रस्त्याच्या कडेला आहे. मांडीवर वही ठेवून लिहितेय, अक्षर डॅडींच्यासारखं येतंय.

फाटकापासून दोन मैलांवर पहिली दिसली. निळ्यावर पिवळी. आधी वाटलं चोरानं माझी पाटी इथे आणून लावली. मग वाचली. ‘डेस, पंपाला काही झालेलं नाही.’

ब्रेकवर पाय गेला, पण गाडी थांबवली नाही. का, ते मला सांगता येणार नाही. पुढे पाचव्या मैलाला दुसरी. ‘मेनला मी हो कळवलंय. फोनवरचा माणूस बरा वाटला.’ सातव्याला, ‘झरा सरकारला दिला. टाय त्यासाठी होता.’ आणि खाली बारीक, कडेला दाटीवाटीनं, ‘मला काहीही झालेलं नाही.’ मी गाडीत एकटीच मोठ्यानं ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही, आत्यानं ऐकलं असतं तर साबणानं तोंड धुतलं असतं. आठव्याला, ‘विनीकडे राहायला जातोय. खोलीत ऊन येतं.’ नवव्याला, ‘सूटकेस ताडपत्रीखाली. शेंगा सीटमागे.’ दहाव्या मैलाला रस्टीची गाडी झाडीत उभी होती आणि रस्टी शिडी खांद्यावर घेऊन मला दिसू नये म्हणून एका बारक्या पाइनच्या झाडामागे उभा होता. पोट बाहेर दिसत होतं.

शेंगा सीटमागे होत्या. अजून गरम. पिशवीत तळाशी माझा लिफाफा, मेनचा, तिकीट लावलेला, न टाकलेला.

आता मी हद्दीवर आहे. जुन्याच खांबांवर, जुन्याच चार स्क्रूंनी, ती पाटी पुन्हा लागली आहे. आई याच रस्त्यानं गेली होती; ती पाटी कुणासाठी होती ते मला आज कळलं. बत्तीस वर्षं दर जानेवारीत त्यांनी ती सगळ्यांत आधी रंगवली, आणि मी बाजूला बसून पेन्सिलीच्या गोष्टी सांगत होते. जाऊन पाट्या परत घेऊन याव्यात, त्यांना मिठी मारावी, भांडावं, काय वाटेल ते करावं असं दहा मिनिटं वाटत राहिलं. ट्रक वळवलाही होता अर्धा. पण तशी वळवताना पाटी बरोबर समोरच्या काचेत येते. ओळ ऐटीत सुरू झालीय आणि शेवटचा शब्द मावेना म्हणून कडेनं खाली उतरलाय.

‘चुकली नाहीस. मागे वळू नकोस.’

रंग ओला आहे. या पानावर पिवळा डाग पडलाय तो त्याचाच. गाडी सरळ केली आहे. निघते.